विष तेच, माणसे वेगळी

विडी सोडा, तंबाखू सोडा असे सांगितले की दवाखान्यात एक उत्तर हमखास मिळते. "डॉक्टर, आमचे आजोबा दिवसाला दोन बंडल विड्या ओढायचे. नव्वदीला गेले, तेही झोपेत. आणि आळीतले ते मास्तर, कधी सुपारीच्या खांडाला शिवले नाहीत, त्यांना कॅन्सर झाला. आता काय म्हणाल?" असे विचारणारा माणूस बहुधा जिंकल्याच्या थाटात बसलेला असतो. पण प्रश्न खरोखर चांगला आहे. एकच विष दोघांच्या पोटात गेले, तर एकाला बाधते आणि दुसऱ्याला का बाधत नाही? याचे थोडे उत्तर नशिबाकडे आहे, थोडे विष किती आणि किती वर्षे घेतले याकडे आहे आणि थोडे आपल्या यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये आहे. आज या यकृताच्या उत्तराविषयी बोलू.

यकृताची धुलाई

तेलकट भांडे नुसत्या पाण्याखाली धरले तर निघत नाही. त्याला राख किंवा साबण लागतो. शरीराचीही तीच अडचण असते. धुरातून, औषधातून, अन्नातून किंवा कातडीतून आत गेलेली अनेक रसायने तेलकट जातीची असतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत. त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करून बाहेर घालवणे हे यकृताच्या पेशींचे एक मोठे काम आहे. हे काम करणाऱ्या प्रथिनांना विकरे किंवा एन्झाइम्स म्हणतात.

धुलाई साधारण दोन पायऱ्यांत होते. पहिल्या पायरीवर 'सायटोक्रोम पी-४५०' नावाच्या मोठ्या कुटुंबातील विकरे त्या रसायनाला ऑक्सिजन जोडतात. माणसाच्या शरीरात या कुटुंबाची ५७ जनुके, म्हणजे जीन्स आहेत. दुसऱ्या पायरीवर दुसरी विकरे त्याला एखादा सुरक्षित रेणू चिकटवतात आणि रवानगी करतात.

यात एक मेख आहे. पहिल्या पायरीनंतर काही रसायने निरुपद्रवी होण्याऐवजी अधिक आक्रमक बनतात आणि पेशीतील डीएनएला, म्हणजे आनुवंशिक मजकुरालाच, जाऊन चिकटतात. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स आणि एलिझाबेथ मिलर या शास्त्रज्ञ दांपत्याने आयुष्यभर या विषयावर काम केले. कॅन्सर घडवणारी बहुतेक रसायने बाहेर असतात त्या रूपात तेवढी घातक नसतात, शरीरातील विकरेच त्यांना घातक रूप देतात, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. म्हणजे धुवायला दिलेल्या कपड्याला धोब्याकडेच भोक पडावे, तसा हा प्रकार.

येथे एक खुलासा करतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये 'एसजीओटी, एसजीपीटी वाढले' असे येते, तेव्हा आपण 'लिव्हरची एन्झाइम्स वाढली' असे म्हणतो. ती वेगळी. यकृताच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात सांडतात. आज आपण ज्या विकरांविषयी बोलत आहोत त्यांचा वेग त्या रिपोर्टवरून कळत नाही.

क्षयाची गोळी आणि दोन तऱ्हेची माणसे

या विकरांचा वेग सर्वांत सारखा नसतो, हे वैद्यकशास्त्राला ज्या औषधाने नीट शिकवले ते आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे क्षयरोगावरील आयसोनियाझिड. हे औषध १९५२ साली वापरात आले आणि आजही टीबीच्या उपचारात त्याचे स्थान पक्के आहे. ते देऊ लागल्यावर दोन-चार वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आले की काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, तळपायांची आग होते. तीच मात्रा घेणाऱ्या इतरांना मात्र काहीच होत नाही.

शोध घेता असे दिसले की हे औषध शरीरात निकामी करण्याचे काम यकृतातील एक विकर करते. त्याचे नाव एन-ॲसिटिलट्रान्सफरेज-२. सोयीसाठी 'नॅट-२' म्हणू. काही माणसांत ते झपाट्याने काम करते, काहींत रेंगाळत. पहिल्या गटाला 'जलद' आणि दुसऱ्याला 'मंद' असे नाव पडले. (मंद हा शब्द बुद्धीला उद्देशून नाही, हे सांगितलेले बरे!) मंद गटातील माणसांच्या रक्तात औषध जास्त वेळ राहते, म्हणून नसांना त्रास होण्याची शक्यता अधिक. ब-६ जीवनसत्त्वाची गोळी सोबत दिली की हा त्रास टळतो. टीबीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टर ही छोटी गोळी का देतात, याचे उत्तर यातच आहे.

या अभ्यासात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. मद्रासला १९५६ साली क्षयरोग उपचार संशोधन केंद्र सुरू झाले. आज चेन्नईतील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ते ओळखले जाते. तेथील डॉक्टरांनी जलद आणि मंद रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. दक्षिण भारतातील रुग्णांत सुमारे ६० टक्के लोक मंद गटातील आढळले. युरोपातही निम्म्याच्या आसपास किंवा थोडे अधिक लोक मंद असतात. जपानमध्ये मात्र जेमतेम दहापैकी एक. मंद असणे हा काही रोग नव्हे. उंची किंवा डोळ्यांचा रंग असावा तसा तो एक जन्मजात फरक आहे.

हा फरक येतो आईवडिलांकडून. नॅट-२ चे जनुक आठव्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून मिळते. दोन्ही प्रती मंद मिळाल्या तर माणूस मंद. त्यामुळे आई जलद, वडील जलद, आणि मुलगा मात्र मंद असेही घडू शकते. 'आमच्या घराण्यात कोणाला काही झाले नाही' या भरवशावर किती विसंबावे, ते यावरून समजावे.

(टीबीचे उपचार चालू असलेल्या वाचकांनी हे वाचून गोळ्या कमीजास्त करू नयेत. रोज नियमित घेतलेल्या गोळ्यांनी दोन्ही गटांतील रुग्ण बरे होतात.)

रंगाच्या कारखान्यातील आजार

आता हीच गोष्ट कॅन्सरकडे कशी वळली ते पाहा. त्यासाठी जर्मनीत जावे लागेल. १८९५ साली फ्रँकफर्ट येथील लुडविग रेन या शल्यविशारदाने एक विलक्षण निरीक्षण मांडले. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत गाठी झाल्या होत्या. हाच रेन पुढच्या वर्षी माणसाच्या हृदयावरील जखम शिवून रुग्ण वाचवणारा पहिला शल्यविशारद ठरला. पण कामगारांच्या आरोग्याच्या दृष्टीने त्याचे आदल्या वर्षीचे काम तेवढेच मोलाचे.

रंगाच्या कारखान्यातील हवेत आणि हातांवर असते तरी काय? संशय ॲरोमॅटिक अमाइन्स या रसायनांवर होता. त्यातील २-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन ही दोन नावे पुढे कुप्रसिद्ध झाली. परंतु उंदीर, ससे यांच्यावर प्रयोग करून मूत्राशयाचा कॅन्सर काही दिसेना. अखेर १९३८ साली अमेरिकेत विल्हेम ह्यूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना २-नॅफ्थिलअमाइन देऊन पाहिले, आणि कुत्र्यांना नेमका माणसासारखाच मूत्राशयाचा कॅन्सर झाला. कुत्र्यांनाच का, याचा उलगडा फार उशिरा झाला. कुत्र्यांत या ॲसिटिलट्रान्सफरेज विकराची जनुकेच नसतात. कुत्रा हा जणू मंदांतला मंद!

१९५४ साली ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस यांनी रंग-रसायन उद्योगातील कामगारांच्या नोंदी तपासून या रसायनांचा आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा संबंध आकड्यांनिशी सिद्ध केला. रसायनाशी पहिला संबंध आल्यापासून रोग दिसेपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, हेही उघड झाले. तोवर कामगाराने नोकरी बदललेली असते किंवा तो निवृत्त झालेला असतो. म्हणून हा रोग आणि ते काम यांची गाठ घालून द्यायला कोणी नसते. ब्रिटनने १९६७ साली कायदा करून या रसायनांना आळा घातला. आपल्याकडे १९९० च्या दशकात बेन्झिडीनपासून बनणारे आणि इतर अनेक ॲझो रंग हाताळण्यावर केंद्र सरकारने बंदी आणली.

दोन वाटा

२-नॅफ्थिलअमाइनसारखे रसायन यकृतात पोहोचले की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एका वाटेवर नॅट-२ उभे असते. ते रसायनाला ॲसिटिल नावाचा तुकडा चिकटवते आणि त्याची धार बोथट करते. दुसऱ्या वाटेवर पी-४५० कुटुंबातील एक विकर असते. ते त्याच रसायनाला ऑक्सिजन जोडून घातक रूप देते. हे घातक रूप यकृतातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तेथून लघवीच्या पिशवीत उतरते. तेथे लघवी तासन्‌तास साठून राहते. लघवी आम्लधर्मी असेल तर ते आणखी मोकळे होते आणि पिशवीच्या अस्तराच्या पेशींतील डीएनएला चिकटते. विष तयार झाले यकृतात, पण घाव बसला मूत्राशयावर.

नॅट-२ मंद असेल तर पहिल्या वाटेने कमी माल जातो आणि उरलेला दुसऱ्या वाटेला लागतो. म्हणजे मंद माणसांना धोका अधिक असायला हवा. तसा तो असतो का? १९८२ साली इंग्लंडमधील हडर्सफील्ड या गावच्या रुग्णांचा अभ्यास कार्टराइट आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. मूत्राशयाचा कॅन्सर झालेल्या ज्या रुग्णांनी पूर्वी रंग-रसायनांच्या उद्योगात काम केले होते, अशा २३ जणांपैकी २२ जण मंद निघाले. त्या भागातील सर्वसाधारण लोकांत मंदांचे प्रमाण याहून पुष्कळ कमी, निम्म्याच्या थोडे वर होते. क्षयाच्या गोळीने दाखवलेला फरक कॅन्सरच्या वॉर्डात असा पुन्हा भेटला.

पण गोष्ट इतकी सरळ नाही

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'मग जलद माणसांनाच अशा कारखान्यात कामाला ठेवा, प्रश्न मिटला.' मिटत नाही. १९९३ साली चीनमधील बेन्झिडीनच्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे मंद कामगारांना अधिक धोका असल्याचे दिसलेच नाही. कारण बेन्झिडीनची घडण वेगळी आहे. त्याला अमाइनची दोन टोके असतात. एका टोकाला ॲसिटिलचा तुकडा चिकटला की ते रसायन निकामी होण्याऐवजी घातक रूपाच्या दिशेने एक पाऊल पुढे जाते. म्हणजे २-नॅफ्थिलअमाइनपासून राखण करणारे विकर बेन्झिडीनच्या बाबतीत त्यालाच सामील होते. कारखान्यात कामगार एकाच रसायनाशी थोडाच संबंध ठेवतो? मग कोणाला निवडणार?

दुसरे असे की मात्रा फार मोठी असेल तर जनुकांचे काही चालत नाही. ब्रिटनमधील जुन्या नोंदींत २-नॅफ्थिलअमाइनच्या ऊर्ध्वपातनाचे काम करणाऱ्या छोट्या गटातील सगळ्याच्या सगळ्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी झाल्याचे आढळते. त्यात मंद असतील तसे जलदही असणारच. पूर मोठा आला की चांगला बांध आणि कच्चा बांध दोन्ही वाहून जातात. म्हणून माणूस पारखून घेण्यापेक्षा विष काढून टाकणे हाच न्यायाचा आणि शहाणपणाचा मार्ग आहे. रक्त तपासून कामगाराला नोकरी नाकारायची आणि हवा मात्र तशीच ठेवायची, याला आरोग्य-सेवा म्हणता येणार नाही.

विडी-सिगारेटचा हिशेब

'आम्ही काही रंगाच्या कारखान्यात नाही' असे म्हणून पान उलटू नका. तंबाखूच्या धुरात ४-अमिनोबायफिनाइल आणि २-नॅफ्थिलअमाइन ही याच जातीची रसायने असतात. धूर छातीत जातो, म्हणून आपण फक्त फुप्फुसांची काळजी करतो. पण त्यातील रसायने रक्तावाटे यकृतात आणि पुढे लघवीच्या पिशवीत पोहोचतात.

२००५ साली स्पेनमधील अकराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जलद माणसांच्या तुलनेत मंद माणसांना मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका सुमारे १.४ पट दिसला. दुसऱ्या पायरीवरील आणखी एक विकर आहे, जीएसटीएम-१. त्याचे जनुक युरोपात जवळजवळ निम्म्या लोकांत मुळातच गायब असते. अशा लोकांत धोका सुमारे १.७ पट दिसला. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की मंद असण्याचा तोटा मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांत दिसला. कधीच न ओढणाऱ्यांत तो जाणवला नाही. विषच आत आले नाही तर ते हळू धुतले काय आणि भरभर धुतले काय!

आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. समजा जलद गटातील १०० माणसांना हा रोग झाला, तर तेवढ्याच संख्येच्या मंद गटात तो १४० जणांना होईल. उलट, कधीच धूम्रपान न करणाऱ्यांपैकी १०० जणांना झाला, तर तेवढ्याच धूम्रपान करणाऱ्यांत तो सुमारे ४०० जणांना होतो. सोडून दिलेल्यांत हा धोका निम्म्याच्या आसपास येतो. जनुकाचा हिस्सा लहान, विडीचा मोठा. आणि जनुक बदलणे आपल्या हातात नाही.

नव्वदीपर्यंत विड्या ओढलेल्या आजोबांचे उत्तर एवढेच. त्यांना कदाचित बरी जनुके मिळाली असतील, कदाचित नशीब बरे असेल. पण त्यांची जनुके नातवाला अर्धीमुर्धीच मिळतात; ती चिठ्ठी नव्याने निघते. शिवाय ज्या आजोबांचे पन्नाशीत बरेवाईट झाले, त्यांचे किस्से सांगायला कोणी दवाखान्यात येत नाही. आणि मास्तरांचे? व्यसन नसतानाही कॅन्सर होतो, कारण वय, इतर रसायने, काही विषाणू आणि पेशी विभागताना होणाऱ्या साध्या चुका हीही कारणे आहेतच. धोका कमी करता येतो. शून्य करता येत नाही.

तपासणी करून घ्यावी का?

जनुकांची तपासणी आता शहरांतील प्रयोगशाळांत होते. 'मी जलद की मंद, पाहून घेऊ का?' असे कोणी विचारले तर कॅन्सरच्या भीतीपोटी ती करण्याची गरज नाही, असे मी सांगेन. मंद निघालात तर तंबाखू सोडा असे सांगणार. जलद निघालात तरी तेच सांगणार. मग पैसे कशाला घालवायचे? दुकानातील 'लिव्हर टॉनिक'ने किंवा यकृत 'साफ' करणाऱ्या काढ्याने मंद माणूस जलद होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

लघवीतील रक्त: हे मात्र विसरू नका

आपल्याकडे मूत्राशयाचा कॅन्सर तोंडाच्या कॅन्सरइतका सर्रास आढळत नाही. पण तो लवकर सापडला तर उपचार चांगले होतात, आणि लवकर सापडण्याची खूण बहुधा रुग्णाच्या डोळ्यांसमोरच असते. ती खूण म्हणजे लघवीतून न दुखता जाणारे रक्त. दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. 'उन्हाळी लागली', 'उष्णता झाली' म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचे पाणी घेतले जाते. दोन दिवसांनी रक्त आपोआप थांबते आणि गुण आला असे वाटते. हे रक्त मधूनमधून थांबतेच. ते थांबले म्हणून कारण गेले असे नव्हे.

म्हणून काही गोष्टी सांगतो.

चाळिशीनंतर लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तरी डॉक्टरांना दाखवा. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने मूत्राशयाची तपासणी करावी लागते. मुतखडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेट अशी इतर कारणेही असतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण अंदाजाने औषध घेत बसू नका. टीबीच्या रिफॅम्पिसिन गोळीने लघवी नारिंगी-लालसर होते, बीट खाल्ल्यानेही रंग येतो. ते रक्त नव्हे. शंका असेल तर साध्या तपासणीत कळते.

डॉक्टरांना आपले काम सांगा. आजचे तर सांगाच, वीस-तीस वर्षांपूर्वीचेही सांगा. रंग-रसायनांचा कारखाना, रबराचा कारखाना, कापड रंगाई, रंगारी काम यांपैकी काही केले असेल तर न विचारताही सांगा. आम्ही डॉक्टर मंडळी घाईत असतो. हा प्रश्न राहून जातो.

आज अशा कामावर असाल तर ही रसायने कातडीतूनही आत जातात हे लक्षात ठेवा. हातमोजे वापरा, हात धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नका, विडी पेटवू नका. कामाचे कपडे घरी आणून मुलाबाळांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. मालकाकडे पंखा, झाकण आणि हातमोजे मागणे हा तुमचा हक्क आहे.

आणि तंबाखू सोडा. वीस वर्षे ओढली, आता सोडून काय उपयोग, असे म्हणू नका. उपयोग होतो, आणि सोडल्यापासून जितकी वर्षे जातील तितका तो वाढत जातो. एकट्याने जमत नसेल तर दवाखान्यात या. त्यासाठीही औषधे आहेत.